भाग ४१ : पंचवीस हजारात पहिला डीएसएलआर – काय घ्यायचं, काय सोडायचं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढून टाकलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावा, चहा घ्या, आणि हो, आज कागद-पेन पण जवळ ठेवा. आजच्या भागात थोडे आकडे आहेत.

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातून एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला. वय एकोणीस. म्हणाली, "दादा, मी दीड वर्ष क्लासमध्ये शिकवून पंचवीस हजार साठवलेत. मला बारसं, डोहाळजेवण, हळद असल्या घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढायचेत. आमच्याकडे त्यासाठी तालुक्यावरून माणूस बोलवावा लागतो. दुकानदार म्हणतो, अठ्ठेचाळीस हजारांचा कॉम्बो घे, बाकीचे ईएमआयवर. पप्पा म्हणतात, एकदाच काय तो विचार करून घे, परत पैसे नाहीत. काय करू?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. कारण तिला जो कॉम्बो दाखवला होता ना, तसाच कॉम्बो मी २०१६ मध्ये घेतला होता. आणि तो मला महागात पडला. पैशाने पडलाच, पण ते सोडा.

आजीचा फोटो

माझा कॉम्बो असा होता: नवी कोरी एंट्री लेव्हल बॉडी, १८-५५ लेन्स, एक लांबची झूम लेन्स, बॅग, ट्रायपॉड आणि एक कार्ड. बारा हप्ते. दुकानातून निघताना असं वाटत होतं की आता आपण फोटोग्राफर. निघता निघता दुकानदाराने एक सल्ला दिला, "आयएसओ वाढवू नकोस, फोटोला दाणे येतात." मी तो सल्ला देवाच्या शब्दासारखा पाळला.

पुढच्या वर्षी गावी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. माजघरात कार्यक्रम. खिडकी एक, बाहेर पावसाचं आभाळ, आणि आत औक्षणाची निरांजनं. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे काका म्हणाले, फ्लॅश अजिबात नको. मी म्हटलं, काही हरकत नाही, माझ्याकडे डीएसएलआर आहे.

घरी येऊन लॅपटॉपवर फोटो उघडले. एकूण एक हललेले. सगळ्या नातवंडांनी मिळून ओवाळलं तेव्हाचा फोटो, आजी हसतीये, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट पट्टा. आजी त्याच्या पुढच्या वर्षी गेली. आज आमच्या घरात तिचा जो फोटो भिंतीवर आहे, तो माझ्या मावसभावाच्या फोनमधला आहे.

आता हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. त्या फोटोची माहिती अजून माझ्याकडे आहे, आणि पहिला कॅमेरा कसा निवडायचा हे त्या चार आकड्यांतच आहे. बघा: ५५ एमएम, एफ/५.६, आयएसओ ४००, शटर १/१० सेकंद.

चार आकडे काय सांगतात

शटर १/१० म्हणजे सेकंदाचा दहावा भाग सेन्सरवर उजेड पडत होता. तेवढ्या वेळात माणूस मान हलवतो, हसतो, हात पुढे करतो. म्हणून चेहरा पुसट. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन होतं, पण ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. समोरचा माणूस हलला तर ते काहीच करू शकत नाही. हे लक्षात ठेवा, दुकानात ते जादू असल्यासारखं विकतात.

आता एफ नंबर. लेन्सच्या आतलं छिद्र किती उघडतं त्याचं ते माप. नंबर लहान, तर छिद्र मोठं, तर उजेड जास्त. कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ येते, जिला आपण किट लेन्स म्हणतो, ती झूम करून ५५ वर नेली की एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स असेल तर तिच्यातून साधारण साडेनऊ पट उजेड आत येतो. साडेनऊ टक्के नाही, साडेनऊ पट! फोनवाल्या मावसभावाचं गणित इथेच जुळलं. फोनचा सेन्सर माझ्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी लहान, पण त्याची लेन्स उघडी होती आणि फोनने आयएसओ आपणहून वाढवला होता.

मग माझं काय चुकलं? दोन गोष्टी. पहिली फुकटची: आयएसओ ४०० च्या ऐवजी ३२०० ठेवला असता तर त्याच लेन्सवर शटर १/८० मिळालं असतं. थोडे दाणे आले असते, पण आजीचा चेहरा आला असता. दाणे असलेला फोटो भिंतीवर लावता येतो, हललेला नाही. दुसरी गोष्ट थोड्या पैशाची: एफ/१.८ ची लेन्स असती तर आयएसओ १६०० वर शटर १/४०० च्या आसपास गेलं असतं. लांबच्या झूमचे, ट्रायपॉडचे आणि बॅगचे पैसे त्या एका लेन्समध्ये घातले असते तर काम झालं असतं. ट्रायपॉड मी आजवर किती वेळा वापरला विचाराल तर, आई त्यावर पापड वाळवायची चादर बांधते.

आधी एक प्रश्न: डीएसएलआरच का?

हे प्रामाणिकपणे बोलू. निकॉन आणि कॅनन दोघांचा सगळा जोर २०१८ पासून मिररलेसवर आहे. कॅननने त्या वर्षी आरएफ माउंट आणलं, निकॉनने झेड. आणि २०२० नंतर या दोघांनी एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. म्हणजे डीएसएलआर ही जुनी होत चाललेली गाडी आहे.

आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे! मोठे फोटोग्राफर मिररलेसकडे गेले, त्यांचं सामान बाजारात आलं. पंचवीस हजारात मिररलेस घ्यायला गेलात तर बॉडीतच पैसे संपतात. डीएसएलआरमध्ये तेवढ्यात बॉडी आणि दोन लेन्स होतात. उद्या मिररलेस घेतला तरी कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर अॅडॉप्टर लावून ऑटोफोकससकट चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही झेडवर अॅडॉप्टरने चालतात. म्हणजे बॉडीचं वय होईल, पण चांगली लेन्स वाया जात नाही.

पण तुम्हाला फक्त इन्स्टासाठी दिवसाउजेडी फोटो आणि रील हवे असतील, तर घेऊ नका. तुमचा फोन पुरे आहे. कमी उजेडात माणसांचे फोटो, मोठे प्रिंट, अल्बम, किंवा लांबचे पक्षी, यातलं काही करायचं असेल तर पुढे ऐका.

आणि घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा. शहरात कॅमेरा भाड्याने देणारे असतात, तालुक्याच्या ठिकाणी लग्नाचा फोटोग्राफर ओळखीवर देतो. एका बारशाला दिवसभर गळ्यात अडकवून फिरा. संध्याकाळी मान दुखली तरी मजा आली असेल, तर तुमचा निर्णय झाला.

मेगापिक्सलचा फुगा

दुकानात पहिलं वाक्य काय असतं? "सर, हा चोवीस मेगापिक्सल!" बरं. १८ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याचा फोटो रुंदीला ५१८४ पिक्सल असतो, आणि २४ वाल्याचा ६०००. म्हणजे रुंदीत फरक फक्त सोळा टक्क्यांचा. अल्बमचं १२ बाय १८ इंचाचं पान घेतलं तर १८ मेगापिक्सलमध्ये दर इंचाला २८८ पिक्सल मिळतात. छपाईला साधारण तीनशे धरतात. म्हणजे १८ मेगापिक्सलवर अख्खं पान झकास छापून होतं. फक्त मेगापिक्सलसाठी चार हजार जास्त देऊ नका.

मग कोणती बॉडी?

सेकंड हँड. या बजेटमध्ये हाच रस्ता आहे, आणि लाजायचं काही कारण नाही. मी ज्या बॉडी स्वतः हाताळल्यात त्यांच्यावरच बोलतो.

कॅनन १३००डी. २०१६ चा, १८ मेगापिक्सल. वाय-फाय आहे, म्हणजे फोटो लगेच फोनवर. लॅपटॉप नसलेल्यांसाठी हे महत्त्वाचं. फोकसचे नऊच पॉइंट, त्यात मधलाच भरवशाचा. मधल्या पॉइंटवर फोकस करून फ्रेम हलवायची सवय लावा, अडत नाही.

कॅनन १५००डी. २०१८ चा, २४ मेगापिक्सल. बाकी बरंचसं तसंच. पण इथे एक खोच आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी पट्टी असते, हॉट शू, तिच्या मधोमध एक धातूचा ठिपका असतो. त्यातूनच फ्लॅशला इशारा जातो. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ वर तो ठिपकाच काढून टाकला! त्यामुळे बाजारातले साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यांवर पेटत नाहीत. ज्याला कार्यक्रमांचे फोटो काढायचेत त्याला कधीतरी फ्लॅश लागणारच. म्हणून या कामासाठी जुना १३००डी नव्या १५००डीपेक्षा बरा. ३०००डीचं तर लेन्स बसवायचं कडंही प्लास्टिकचं आहे, तो मी कुणालाच सुचवत नाही.

निकॉन डी३३०० आणि डी३५००. दोन्ही २४ मेगापिक्सल, पहिला २०१४ चा, दुसरा २०१८ चा. कमी उजेडात मला हे सेन्सर कॅननच्या या मॉडेलांपेक्षा आवडतात. डी३५००ची बॅटरी तर संपतच नाही, कंपनीच्या मोजणीप्रमाणे एका चार्जमध्ये १५५० फोटो. पण निकॉनचीही एक खोच आहे. या छोट्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, मोटर लेन्समध्ये असावी लागते. ५० एमएम एफ/१.८ डी नावाची जुनी लेन्स स्वस्तात मिळते, या बॉडीवर बसतेही, पण ऑटोफोकस होत नाही. हाताने फोकस करत बसावं लागतं. रांगतं बाळ कुठे थांबणार तुमच्यासाठी? नावात एएफ-एस बघूनच घ्या. आणि लेन्सवर एएफ-पी लिहिलं असेल तर ती डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर फोकस करत नाही. थोडक्यात, निकॉन घेताना लेन्स आणि बॉडी दुकानातच एकमेकांना लावून बघा.

निकॉन डी७०००. २०१० चा, १६ मेगापिक्सल. वयाने मोठा, पण वरच्या दर्जाचा. फोकस मोटर बॉडीतच, दोन कार्ड बसतात, बोटाला आणि अंगठ्याला वेगवेगळ्या चकत्या. वर सांगितलेली जुनी ५० एमएम यावर मस्त चालते. जड आहे आणि बहुतेक लग्नाच्या धंद्यात घासलेला असतो, म्हणून नीट तपासून.

पैशाची वाटणी

तिच्या पंचवीस हजारांची मी केलेली वाटणी अशी: किट लेन्ससकट बॉडीला पंधरा-सोळा हजार. एफ/१.८ लेन्सला पाच-सहा. राहिलेल्या तीन-चारात चांगल्या कंपनीचं कार्ड, एक जादा बॅटरी आणि हवाबंद डबा. भाव गावागणिक बदलतात, पण वाटणीचं प्रमाण हेच ठेवा. बॅग? जुनी शाळेची सॅक आणि एक टॉवेल.

कॅननला ५० एमएम एफ/१.८ एसटीएम, निकॉनला ३५ एमएम एफ/१.८ जी. या कॅमेऱ्यांचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असतो, म्हणून ५० एमएम कॅननवर ८० सारखी जवळ दिसते. चेहऱ्याला सुंदर, पण दहा बाय दहाच्या खोलीत सगळं कुटुंब मावत नाही. तिथे किट लेन्स १८ वर करून काढायचं. म्हणून किट लेन्सला नावं ठेवू नका, दोघींची कामं वेगळी.

सेकंड हँड तपासताना

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जा, नाहीतर गावातल्या ओळखीच्याकडून घ्या, या गोष्टी न करता पैसे देऊ नका. घाई करणारा विकणारा दिसला की चहाच्या निमित्ताने बाहेर पडा.

एक. लेन्स काढून फोनच्या टॉर्चसमोर धरा, उजेड आरपार जाऊ द्या आणि तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. दोन-चार धुळीचे कण चालतात, बुरशी नाही.

दोन. शटर किती वेळा पडलं ते बघा. निकॉनमध्ये तो आकडा प्रत्येक फोटोच्या माहितीत लिहिलेला असतो, फोनवरही बघता येतो. कॅननच्या या मॉडेलांमध्ये फोटोत तो नसतो, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. डी३५००चं शटर एक लाखासाठी तपासलेलं असतं, डी७०००चं दीड लाखासाठी. तीस हजार पडलेली छोटी बॉडी तरुण, नव्वद हजारवाली निवृत्तीला आलेली.

तीन. छिद्र एफ/२२ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण त्याचे पैसे भावातून कमी करा.

चार. वर्तमानपत्र भिंतीला लावा, एफ/१.८ वर एका मथळ्यावर फोकस करून पाच फोटो काढा, झूम करून अक्षरं बघा. पाचही वेळा तोच मथळा धारदार यायला हवा.

पाच. प्रत्येक बटण दाबा, आतला फ्लॅश उडवा, कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना ते पाहा.

सहा. बिल. बॉडीच्या खालचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच हवा. "बिल हरवलंय, पण माल एकदम ओरिजिनल" असं कुणी म्हणालं, तर त्याला नमस्कार करा. चोरीचा कॅमेरा घेतलात तर पैसेही जातात आणि पोलिसांच्या फेऱ्याही होतात.

आणि कोकणातल्यांनो

पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका. बुरशीला तेच हवं असतं: दमट, अंधार आणि हवा बंद. किराणा दुकानात मिळणारा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि जमलं तर दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की झालं. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतं. आणि सगळ्यात सोपं औषध म्हणजे कॅमेरा वापरा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

तिचं काय झालं?

हे सगळं मी तिला दोन लांबलचक व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं. तीन आठवडे काहीच नाही. मग परवा उत्तर आलं.

पहिला १३००डी बघितला तो तिने सोडला. म्हणाली, "दादा, लेन्समध्ये जाळं होतं. मला दिसलंच नव्हतं, पप्पांनी टॉर्च धरला तेव्हा दिसलं. तो माणूस म्हणाला, ही काय मोठी गोष्ट नाही. पप्पा म्हणाले, मग तुम्हीच ठेवा." जे पप्पा फोन असताना कॅमेरा कशाला म्हणत होते, तेच टॉर्च घेऊन उभे!

दुसरा मिळाला तो बिलासकट. ५० एमएम तिला वापरलेली मिळाली नाही, नवी घ्यावी लागली, त्यामुळे बजेट अठराशेने वर गेलं. जादा बॅटरी राहिली. पहिलं काम शेजारच्या बारशाचं, पैसे न घेता. तिने मला एकच फोटो पाठवला. पाळण्यात बाळ, आणि वर वाकून त्याच्या कानात नाव सांगणारी आत्या. आयएसओ ३२००, एफ/२, १/१६० सेकंद. दाणे आहेत. पाळण्याची दोरी फ्रेममध्ये नको तिथे आलीये. पण आत्याचा चेहरा स्पष्ट आहे.

मी तिला कळवलंय, पुढच्या वेळी दोन पावलं डावीकडे सरक, आणि पैसे घे.

तर मंडळी, आजच्यासाठी इतकंच. तुम्ही कॅमेरा घ्यायच्या विचारात असाल तर तुमचं बजेट आणि कशाचे फोटो काढायचेत, एवढं दोन ओळींत पाठवा. "बेस्ट कॅमेरा कोणता" असं विचारू नका, त्याला उत्तर नाही. पुढच्या भागात आयएसओ, शटर आणि छिद्र या तिघांना ऑटोमधून बाहेर काढूया. तोपर्यंत घरात जी कुणी आजी-आजोबा माणसं आहेत, त्यांचा एक फोटो काढून ठेवा. आहे त्या फोनवर काढा, फक्त त्यांना खिडकीजवळ बसवा.

भेटूया. काळजी घ्या!